चुंबकीय युग्मतारे आणि मुंबई-पुण्याची निरीक्षणपरंपरा

१९८३ च्या आरंभी ‘नेचर’ या साप्ताहिकात पी. सी. अगरवाल, जी. आर. रीग्लर व ए. आर. राव या तिघांचा एक छोटासा निबंध प्रसिद्ध झाला. ‘एचईएओ-१’ या अमेरिकन उपग्रहाने नोंदलेला ‘एच ०१३९-६८’ नावाचा मृदु क्ष-किरणांचा उगम हा वस्तुतः एक चुंबकीय युग्मतारा आहे, असे त्यात दाखविले होते. अगरवाल व राव हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील. रीग्लर अमेरिकेतील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील. हा तारा पुढे ‘बीएल हायड्री’ या नावाने ओळखला जाऊ लागला. अग्रनद हा दक्षिणेकडील तेजस्वी तारा परिचयाचा आहे. त्याच्याही दक्षिणेस सुमारे अकरा अंशांवर हा मंद तारा आहे. ठाणे जिल्ह्यातील, कल्याणपलीकडच्या विठ्ठलवाडीहून त्याचा शोध घेऊ गेल्यास काय होईल? तेथील अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर. बीएल हायड्री याम्योत्तरवृत्तावर येतो, म्हणजे अधिकात अधिक उंच असतो, तेव्हाही तो क्षितिजापासून जेमतेम तीन अंश वर असतो. तेजस्वी अवस्थेतही तो चौदाव्या प्रतीहून मंदच. समुद्राकडून येणारी दमट हवा आणि शहरांचा उजेड यांतून अशा ताऱ्याचे दर्शन दुर्बिणीलाही अशक्य. अर्थात् ज्या ताऱ्याची ओळख पटविण्यात मुंबईतील संशोधकांचा मोठा वाटा होता, तो मुंबईच्या आकाशात पाहण्याजोगा नव्हता. ज्या उपग्रहाने तो प्रथम टिपला, तोही परक्यांचा होता.

यावरून हे काम परावलंबी होते असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. उलटपक्षी, पुढे भारतीय उपग्रहावर भारतीय उपकरणे बसली तेव्हाच खऱ्या निरीक्षणास प्रारंभ झाला, असेही म्हणण्याची प्रथा आहे. या दोन्ही मतांत तथ्याचा अंश असला तरी दोन्ही अपुरी आहेत. चुंबकीय युग्मताऱ्यांचे ज्ञान एका डोळ्याने होत नाही. क्ष-किरण, दृश्य प्रकाश व त्या प्रकाशाचे ध्रुवण या तिहींची साक्ष जुळावी लागते. मुंबई-पुण्याच्या परंपरेकडे यांपैकी काय केव्हा होते आणि काय नव्हते, हे पाहिल्यावाचून तिचे मोल ठरविता येणार नाही.

प्रथम या ताऱ्यांविषयी. युग्मातील एक घटक श्वेतबटू किंवा न्यूट्रॉन तारा यांसारखा अतिघन असतो व दुसरा सामान्य तारा असतो. दोहोंतील अंतर इतके थोडे असते की, सामान्य ताऱ्याच्या बाह्य थरातील वायू आपल्या ताऱ्याचे बंधन सोडून घन घटकाकडे ओघळू लागतो. ही कल्पना आज पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते. पण ती स्थिर व्हावयास बराच काळ लागला. १९५४ मध्ये मर्ल वॉकर यांना असे आढळले की, १९३४ साली नवतारा म्हणून उजळलेला डीक्यू हर्क्युलिस हा ७१ सेकंदांच्या नियमित आवर्तनाने स्पंदतो, आणि तो ग्रहणकारी युग्मताराही आहे. दोनच वर्षांनी क्रॉफर्ड व क्राफ्ट यांनी कुंभ राशीतील एई ॲक्वेरिआय या ताऱ्याच्या वर्णपटावरून थंड घटकाचे द्रव्य उष्ण घटकाकडे वाहत असल्याचे प्रतिपादन केले. ७१ सेकंदांचे स्पंदन हे चुंबकीय श्वेतबटूच्या परिवलनाचे चिन्ह आहे, हे मात्र पुष्कळ उशिरा उमगले.

घन घटकाचे चुंबकीय क्षेत्र दुर्बळ असेल तर येणारा वायू त्याच्याभोवती चकतीच्या रूपाने फिरत राहतो व हळूहळू आत उतरतो. क्षेत्र प्रबळ असेल तर चकतीचा आतील भाग नाहीसा होतो. फारच प्रबळ असेल तर चकती बनतच नाही. आयनीभूत वायू बलरेषा ओलांडू शकत नसल्यामुळे, शेतात पाटाचे पाणी वळवावे तसा तो बलरेषांच्या वाटेने चुंबकीय ध्रुवांकडे वळविला जातो. श्वेतबटूच्या पृष्ठाजवळ पोचेपर्यंत त्याचा वेग सेकंदास काही हजार किलोमीटर होतो. तेथे आघात-तरंग निर्माण होऊन वायूचे तापमान दहा कोटी अंशांच्या वर जाते. क्ष-किरण येतात ते येथून. त्याच स्तंभातील इलेक्ट्रॉन बलरेषांभोवती गिरक्या घेताना जो प्रकाश देतात तो ध्रुवित असतो, आणि क्षेत्राचे मापन करण्याची किल्ली त्या ध्रुवणात असते.

ही किल्ली सापडली ती एएम हर्क्युलिस या ताऱ्यात. हायडेलबर्गच्या माक्स वोल्फ यांनी १९२३ मध्ये रूपविकारी तारा म्हणून त्याची नोंद केली होती. पुढे पन्नास वर्षे तो यादीतील एक नाव होऊन राहिला. क्ष-किरण उपग्रहांच्या निरीक्षणांनी त्याच्याकडे लक्ष वेधले आणि १९७६ च्या ऑगस्टमध्ये सांतियागो तापिया यांनी त्याच्या प्रकाशाचे मापन केले, तेव्हा रेखीय व वर्तुळ अशी दोन्ही ध्रुवणे आढळली. वर्तुळ ध्रुवण तर सुमारे दहा टक्के इतके होते. ३ तास ६ मिनिटांच्या कक्षीय आवर्तकालाबरोबर ते बदलत होते. म्हणजे श्वेतबटू आपल्या सोबत्याकडे एकच बाजू ठेवून फिरत होता. क्शेमिन्स्की व सेर्कोव्स्की यांनी या वर्गास ‘पोलर’ हे नाव दिले. मराठीत यास कोणी ‘ध्रुवीय तारा’ म्हणतात ते टाळलेले बरे. एक तर ध्रुवताऱ्याशी घोटाळा होतो. दुसरे म्हणजे मूळ नाव चुंबकीय ध्रुवांवरून आलेले नसून प्रकाशाच्या ध्रुवणावरून आले आहे. ‘ध्रुवणतारा’ हा शब्द अधिक नेमका ठरेल.

विठ्ठलवाडीच्या अक्षांशावरून एएम हर्क्युलिस उत्तरेकडे सुमारे ५९ अंश उंचीवर येतो. बीएल हायड्रीच्या मानाने ही स्थिती फारच सोयीची. पण तो मध्यरात्री याम्योत्तरवृत्तावर येतो तो जूनच्या अखेरीस, म्हणजे ऐन पावसाळ्यात. कोकणपट्टीत राहणाऱ्या निरीक्षकाला या ताऱ्यासाठी उन्हाळ्यातील पहाट आणि पावसाळा सरल्यानंतरची सायंकाळ एवढीच उरते. क्ष-किरण-ज्योतिषाने मुंबईत मूळ धरले आणि दृश्य प्रकाशाच्या वेधशाळेने धरले नाही, याला हवामान हे एकमेव कारण नसले तरी ते एक कारण खचित होते.

पुण्याची गोष्ट वेगळी. तेथे १८८८ मध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या प्रयत्नाने आणि भावनगर संस्थानाच्या देणगीने महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिची २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. नायगमवाला यांचा ओढा प्रारंभापासून वर्णपटविज्ञानाकडे होता. १८९८ च्या जानेवारीतील खग्रास सूर्यग्रहणाचे त्यांनी जेऊर येथे घेतलेले वेध प्रसिद्ध आहेत. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकॅनालला रवाना झाली. एका व्यक्तीच्या निवृत्तीबरोबर संस्था संपावी, ही गोष्ट त्या काळच्या सरकारी शास्त्रव्यवहारावर पुरेसा प्रकाश टाकते. यानंतर मोठ्या परावर्ती दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून ताऱ्यांचे वेध घेण्याची परंपरा पुण्यात खंडित झाली ती दीर्घकाळ. रूपविकारी ताऱ्यांचे वर्णपट घेण्याचे शास्त्र जगात जेव्हा बहरास आले, तेव्हा पुण्यातील दुर्बीण पुण्यात नव्हती.

मुंबईतील आरंभ झाला तो आकाशाकडे पाहण्यातून नव्हे, तर विश्वकिरण मोजण्यातून. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापिलेल्या टाटा संस्थेत विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी बलून उडविण्याची विद्या अवगत झालेली होती. १९६२ मध्ये जाक्कोनी व त्यांचे सहकारी यांच्या रॉकेटने वृश्चिक राशीतील क्ष-किरण उगम शोधला आणि एक नवे शास्त्र जन्मास आले. तेव्हा या विद्येचा नवा उपयोग दिसला. बी. व्ही. श्रीकंठन यांच्या गटाने १९६८ च्या एप्रिलमध्ये हैदराबादेहून क्ष-किरण-गणित्र घेऊन बलून सोडले व वृश्चिकेतील त्या उगमाचे वेध घेतले. हैदराबादची निवड सोयीपुरती नव्हती. ते स्थान भूचुंबकीय विषुववृत्तास जवळ आहे. तेथे पृथ्वीचे क्षेत्र कमी ऊर्जेच्या विश्वकिरणांना अडविते, त्यामुळे गणित्रातील अवांछित नोंदी घटतात व दुर्बळ उगमही वेगळा दिसू शकतो. हा विचार पुढे तब्बल अर्धशतक टिकला, हे लवकरच दिसून येईल.

बलूनचे गुण जितके स्पष्ट तितकीच त्याची मर्यादाही. सुमारे ४० किलोमीटर उंचीवर गेल्यावरही डोक्यावर हवेचा पातळ थर उरतोच. तो थर सुमारे २० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टखालील क्ष-किरण जवळजवळ सर्वच शोषून घेतो. न्यूट्रॉन ताऱ्यांची युग्मे या सीमेच्या वरही तेजस्वी असतात. ध्रुवणताऱ्यांचे तेज मात्र बहुतांशी तिच्या खाली असते. परिणामी दोन प्रकारच्या चुंबकीय युग्मांपैकी एकच प्रकार बलूनला खुला होता.

हा प्रकारही काही कमी महत्त्वाचा नव्हे. १९७० च्या डिसेंबरात केनियाच्या किनाऱ्याजवळून सोडलेल्या ‘उहुरू’ उपग्रहाने नरतुरंगातील सेंटॉरस एक्स-३ हा उगम ४.८ सेकंदांनी, तर शौरीतील हर्क्युलिस एक्स-१ हा १.२४ सेकंदांनी स्पंदतो असे दाखविले. ही परिवलन करणाऱ्या चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्यांची स्पंदने होती. १९७६ च्या मे महिन्यात योआखिम ट्रूम्पर यांच्या गटाने टेक्सासमधून सोडलेल्या बलूनने हर्क्युलिस एक्स-१ च्या वर्णपटात सायक्लोट्रॉन-रेषा टिपली. न्यूट्रॉन ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राचे ते पहिले सरळ मापन होय. तापिया यांचा शोध त्याच वर्षीचा. दोन्ही शोधांतील साम्य केवळ वर्षापुरते नाही. तापिया यांच्या मापनावरून एएम हर्क्युलिसचे क्षेत्र प्रथम २० कोटी गौस मानले गेले. पुढे ते सुमारे १.४ कोटी गौस ठरले. ट्रूम्पर यांची रेषा आधी सुमारे ५८ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टवरील उत्सर्जन-रेषा मानली गेली. नंतर ती सुमारे ४० वरील शोषण-रेषा आहे असे ठरले व क्षेत्राचा आकडा खाली आला. उपकरणाने जे दिले ते खरे होते. त्याचा अर्थ लावण्यास इतर साक्षी लागल्या.

आता १९८३ च्या निबंधाकडे वळता येईल. एचईएओ-१ हा उपग्रह १९७७ च्या ऑगस्टमध्ये अवकाशात गेला व १९७९ मध्ये संपला. त्याच्या गणित्रांना क्ष-किरण कोठून येतात हे स्थूलमानानेच कळत असे. त्यांच्या नोंदीतील उगम आकाशाच्या बऱ्यापैकी विस्तृत तुकड्यात कोठेही असू शकत असे. तेवढ्या तुकड्यात मंद तारे शेकड्यांनी असतात. त्यांतील नेमका कोणता, हे ठरविण्यासाठी वर्णपटात उत्सर्जन-रेषा आहेत काय, प्रकाश कमी-अधिक होतो काय, हे तपासावे लागते. याला ‘ओळख पटविणे’ असे साधे नाव आहे. पण या शाखेतील निम्मे श्रम यातच जातात. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात विश्वनाथन व पिकल्स यांनी या ताऱ्याच्या प्रकाशातील ध्रुवण पाहिले, आणि बीएल हायड्रीची जात निश्चित झाली. त्याचा आवर्तकाल सुमारे ११४ मिनिटे आहे.

बलूनमुळे बंद असलेला दरवाजा अशा रीतीने दुसऱ्याच्या उपग्रहाच्या नोंदींतून उघडला. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. नोंदी अमेरिकेच्या होत्या, परंतु क्ष-किरण-गणित्रातील खरी नोंद कोणती व खोटी कोणती हे ओळखण्याची दृष्टी हैदराबादच्या बलूननी दिलेली होती. पुढे के. पी. सिंह यांनी परदेशी सहकाऱ्यांसह जर्मनीच्या ‘रोसॅट’ उपग्रहाच्या नोंदींतून सप्तर्षीमधील एक नवा ध्रुवणतारा उजेडात आणला (१९९५). तेही याच पद्धतीचे काम. तथापि या पद्धतीत एक उणीव होतीच. परक्या नोंदी वापरणाऱ्याला तारा जसा होता तसा मिळतो. हवा तेव्हा पाहता येत नाही. ध्रुवणताऱ्यांच्या बाबतीत ही उणीव विशेष बोचते. त्यांच्याभोवती द्रव्याचा साठा करणारी चकती नसल्यामुळे सोबत्याकडील प्रवाह आटला की तारा लगेच मंदावतो. एएम हर्क्युलिस असाच अधूनमधून तेराव्या प्रतीवरून पंधराव्या प्रतीपर्यंत उतरतो. तो केव्हा उतरेल हे आधी सांगता येत नाही.

स्वतःचे उपकरण कक्षेत जाण्यास १९९६ साल उजाडले. त्या वर्षी २१ मार्चला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या ‘आयआरएस-पी३’ या उपग्रहावर टाटा संस्थेत घडविलेली तीन क्ष-किरण-गणित्रे होती. मूळ उपग्रह पृथ्वीच्या निरीक्षणासाठी. ज्योतिषाला त्यावर पाहुण्याची जागा मिळालेली. तरीही १५.८ सेकंदांनी स्पंदणाऱ्या ‘एक्सटीई जे१९४६+२७४’ या न्यूट्रॉन-युग्माचा अभ्यास बिस्वजित पॉल व त्यांचे सहकारी यांनी या नोंदींच्या साहाय्याने केला.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘ॲस्ट्रोसॅट’ गेला तो मात्र ज्योतिषासाठीच. टाटा संस्थेत घडलेल्या ‘लॅक्सपीसी’ या तीन गणित्रांपैकी प्रत्येकाचे मुख सुमारे १०० सेंटीमीटर लांब व ३६ सेंटीमीटर रुंद होते. आत दोन वातावरणांच्या दाबाखालील झेनॉन व मिथेन. ३ ते ८० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतचे क्ष-किरण ती टिपत आणि प्रत्येकाची वेळ दहा मायक्रोसेकंदांच्या सूक्ष्मतेने नोंदवीत. मृदु क्ष-किरणांची दुर्बीण ‘एसएक्सटी’ हीसुद्धा मुंबईचीच. सोन्याचा मुलामा दिलेल्या ३२० पातळ ॲल्युमिनियम आरशांची तिची रचना. नाभीजवळील कॅमेरा तेवढा लेस्टर विद्यापीठाचा. पुण्याचे ‘आयुका’ हे केंद्र कठोर क्ष-किरणांच्या चित्रणाच्या उपकरणात व जंबुपार दुर्बिणीच्या उभारणीत सहभागी होते. उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी अवघा सहा अंशांचा कोन करणारी निवडली गेली. १९६८ मध्ये हैदराबाद निवडताना अवांछित नोंदी टाळण्याचा जो विचार होता, तोच येथे ६५० किलोमीटर उंचीवर पुन्हा दिसतो.

आपल्या उपकरणाचा खरा लाभ कोणता, याचे उत्तर हंस तारकासमूहातील ‘जीआरओ जे२०५८+४२’ या उगमाच्या २०१९ मधील उद्रेकात मिळते. सुमारे १९४ सेकंदांनी फिरणारा हा न्यूट्रॉन तारा बरीच वर्षे शांत होता. लॅक्सपीसीच्या नोंदींवरून के. मुखर्जी, एच. एम. अंतिया व सहकारी यांनी तीन सायक्लोट्रॉन-रेषा वर्तविल्या : १० ते १४, १९ ते २४ आणि ३८ ते ४३ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. अमेरिकेच्या ‘नूस्टार’ उपग्रहाच्या नोंदींतून मोल्कोव व सहकारी यांना सुमारे १० वरील रेषा आढळली ती ताऱ्याच्या परिवलनाच्या एका अरुंद भागातच. दोन गणित्रांचे म्हणणे सर्वस्वी जुळत नाही. तरी दोन्हींवरून क्षेत्र एक लक्ष कोटी गौसच्या घरात येते. अगदी क्षणिक अशा उद्रेकाविषयी दोन स्वतंत्र साक्षी असणे, आणि त्यांतील एक मुंबईची असणे, ही १९८३ मध्ये नसलेली गोष्ट होय. मतभेद करण्याचा अधिकार ज्याच्यापाशी स्वतःची नोंद आहे त्यालाच असतो.

दृश्य प्रकाशाच्या बाजूस पुण्याच्या परंपरेचा खंड भरून काढण्याचा मोठा यत्न २००६ मध्ये झाला. आयुकाची २ मीटर व्यासाची दुर्बीण जुन्नरच्या बाजूस गिरवली येथे त्या वर्षी मे महिन्यात कार्यान्वित झाली. आयुकात ध्रुवणमापकही घडविला गेलेला होता. नायगमवाला यांची वेधशाळा बंद होऊन तोवर ९४ वर्षे लोटली होती. या काळात मुंबईने क्ष-किरणांत मिळविलेली पात्रता आणि पुण्याने गमावलेली वर्णपटाची सवय एकमेकांस भेटू शकल्या असत्या तर बीएल हायड्रीसारख्या दक्षिणेच्या ताऱ्याचे नाही, पण एएम हर्क्युलिसच्या वर्गातील उत्तरेकडील ताऱ्यांचे ध्रुवण येथूनच मोजले गेले असते, असे मानण्यास जागा आहे. पावसाळ्याची अडचण खरी. पण ती वर्षातील चार महिन्यांची, ९४ वर्षांची नव्हे.

ध्रुवणाचा प्रश्न आता क्ष-किरणांपर्यंत येऊन पोचला आहे. प्रबळ क्षेत्रात घडलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याचे क्ष-किरण ६० ते ८० टक्के ध्रुवित असावेत असे सिद्धांत सांगत होते. ‘इक्स्पी’ या उपग्रहाने २०२२ मध्ये हर्क्युलिस एक्स-१ चे वेध घेतले तेव्हा सरासरी ध्रुवण अवघे नऊ टक्क्यांच्या आत भरले. ट्रूम्पर यांची रेषा ज्या ताऱ्यात सापडली त्याच ताऱ्याने सिद्धांताला पुन्हा अडचणीत आणले. त्याहून अधिक ऊर्जेच्या, ८ ते ३० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पट्ट्यात हेच मापन करण्यासाठी ‘पोलिक्स’ हे उपकरण बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत बिस्वजित पॉल यांच्या नेतृत्वाखाली घडले. १ जानेवारी २०२४ रोजी ते ‘एक्स्पोसॅट’ उपग्रहावरून कक्षेत गेले. ती कक्षाही विषुववृत्ताशी सहाच अंशांचा कोन करणारी आहे.